समन्स सुरतेला गेलंय

तालुक्याच्या कोर्टात अकरा वाजता न्यायाधीश साहेब डायसवर येतात, तेव्हा त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, ऐंशी-नव्वद प्रकरणं असतात. कधी शंभराच्या वर जातात. जेवणाची सुट्टी वजा केली तर हाताशी तास पाच, म्हणजे तीनशे मिनिटं. एका प्रकरणाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत. तेवढ्यात पुकारा व्हायचा, व्हरांड्यातला पक्षकार चपला बाहेर काढाव्यात की काय या विचारात आत यायचा, वकिलांनी मुदतीचा अर्ज द्यायचा, समोरच्यांनी त्यावर 'से', म्हणजे आपलं म्हणणं, द्यायचा, साहेबांनी हुकूम करायचा, रोजनाम्यात नोंद व्हायची आणि पुढची तारीख पडायची. त्यातच एखाद्या साक्षीदाराचा उलटतपास लागला की तो एकटाच जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतो. बाकीचे तारीख घेतात आणि एस.टी. स्टँडची वाट धरतात.

हा बोर्ड मी कित्येक वर्षं तयार केला. कनिष्ठ लिपिक म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याला लागले, बदल्या होत होत तापीच्या दोन्ही अंगांची कोर्टं पाहिली आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. लग्नात, गाडीत, दवाखान्यात, कुठेही ओळख निघाली की लोक एकच विचारतात, 'ताई, तुमच्या कोर्टात एवढा उशीर का लागतो हो?' विचारणाऱ्याकडे बहुधा उत्तरही तयार असतं. वकील मुद्दाम लांबवतात, न्यायाधीशांना सुट्ट्या फार, पैसेवाल्याचंच चालतं. यातलं काहीच घडत नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या टेबलावरून जे रोज गेलं त्यावरून मला वाटतं की कोर्टाचा बहुतेक वेळ निवाडा करण्यात जातच नाही. निवाड्यासाठी लागणारी माणसं आणि कागद एका जागी आणण्यात तो जातो. आणि ते आणणारे हात फार थोडे आहेत.

देशात आज पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. पेपरात रोज बातमी सुप्रीम कोर्टाची असते, पण तिथली प्रलंबित प्रकरणं ९० हजारांच्या पुढे-मागे. हायकोर्टांत ६० लाखांच्या वर. बाकी सगळी, म्हणजे दहातली जवळजवळ नऊ, जिल्हा आणि तालुका कोर्टांत. महाराष्ट्राच्या खालच्या कोर्टांतच ५० लाखांहून अधिक. विधी आयोगाने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत. २००२ साली सुप्रीम कोर्टाने तोच पन्नासचा आकडा पाच वर्षांत गाठायला सांगितलं. आज प्रत्यक्ष काम करणारे न्यायाधीश दहा लाखांमागे पंधराच्या आसपास आहेत. खालच्या कोर्टांची मंजूर पदं सुमारे २५ हजार आणि त्यांतला साधारण पाचवा हिस्सा रिकामा. पन्नासच्या हिशोबाने आजच्या लोकसंख्येला ७० हजार न्यायाधीश लागतील. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीच्या परिषदेत सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर पंतप्रधानांसमोर हाच १९८७ चा अहवाल सांगताना गहिवरले. आम्ही नंतर ऑफिसात एका मोबाईलवर ते पाहिलं. त्या दिवशी आमच्याही तालुक्यातलं एक कोर्ट रिकामं होतं आणि त्याचा बोर्ड शेजारच्या साहेबांकडे 'चार्ज'वर दिलेला होता.

न्यायाधीश वाढायलाच हवेत. पण एक डायस वाढला की त्याच्यामागे एक स्टेनो लागतो, दोन-तीन लिपिक लागतात, शिपाई लागतो, समन्स पोचवणारा बेलिफ लागतो, कपाटं लागतात, खोली लागते. ही मागणी कुणी मोठ्याने करत नाही. म्हणून एक दावा जरा सविस्तर सांगते. गाव सांगत नाही. असे दावे आमच्याकडे प्रत्येक तालुक्यात आहेत.

वादी एक मावशी, लग्न करून शेजारच्या तालुक्यात दिलेली. वडील गेले, सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं लागली, हिचं लागलं नाही. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केली होती, २००५ मध्ये ती देशभर आली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे. २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. पूर्वी आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेतली की विषय संपायचा. हळूहळू आमच्या खिडकीवर बहिणींचे वाटपाचे दावे जास्त येऊ लागले. मावशीचा त्यातलाच. तापीकाठची काळी जमीन, थोड्या भागात केळी, बाकी कपाशी.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर गुंता काही नव्हता. वंशावळ कुणी नाकारत नव्हतं, जमीन बापजाद्यांची हेही कुणी नाकारत नव्हतं. पण वाटपाच्या दाव्यात ज्याचा ज्याचा वाटा निघतो तो प्रत्येक जण पक्षकार व्हावा लागतो. भाऊ, वारलेल्या भावाची बायको, तिची मुलं, लग्न झालेल्या पुतण्या. प्रतिवादी झाले चौदा. त्यांतले निम्मे सुरतेला.

खान्देशी माणसाला हे समजावून सांगायला नको. पाऊस हुकला, वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले, तशी आमच्याकडची पोरं ताप्ती लाईनची गाडी धरून उधन्याला, लिंबायतला गेली. कुणी मागावर, कुणी साड्यांच्या कामावर. गावात घर असतं, रेशनकार्डावर नाव असतं, मतदानाला माणूस येतोही. पण कोर्टाचा बेलिफ जातो तेव्हा दाराला कुलूप असतं. मग समन्सच्या मागे शेरा येतो: 'सदर इसम मिळून आला नाही. घरास कुलूप होते. शेजारी विचारणा केली असता कामधंद्यानिमित्त सुरतेस गेल्याचे समजले. सबब विनाबजावणी परत.' हा शेरा मी इतक्या वेळा वाचला आहे की पहिल्या दोन शब्दांवरून पुढचा सगळा सांगता येतो.

मग वकील सुरतेचा पत्ता देतात. समन्स आमच्या कोर्टातून सुरतेच्या कोर्टाकडे जातं, तिथल्या नाझराकडे (समन्सं वाटून देणारा अधिकारी), तिथल्या बेलिफाकडे. सोबत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, लावायचा, दाव्याची नक्कल लावायची. सुरतेच्या बेलिफाकडे त्यांच्या गावची समन्सं आधीच ढिगाने असतात, आमचं त्यात शेवटी लागतं. पत्ता असतो 'उधना, सुरत' एवढाच, किंवा एखाद्या सोसायटीचं नाव, जिथे शंभर खोल्या आणि प्रत्येक खोलीत आमच्याकडचाच कुणीतरी. महिन्यांनी ते परत येतं, त्यावर गुजरातीत शेरा. आमच्याकडे नवापूरकडचा एक शिपाई होता, त्याला गुजराती चांगलं वाचता यायचं. तो वाचून दाखवायचा: या पत्त्यावर राहत नाही. तोपर्यंत मावशी तालुक्याला कितीतरी फेऱ्या मारून गेलेली असायची. प्रत्येक तारखेला रोजनाम्यात एकच ओळ: 'प्रतिवादी अमुक यांचे समन्स बजावून आले नाही. पुढील तारीख.' ती व्हरांड्यातल्या बाकावर सकाळी दहापासून बसायची. दुपारी खिडकीशी येऊन विचारायची, 'ताई, मना पुकारा व्हयना का?' (माझा पुकारा झाला का?) पुकारा सकाळीच झालेला असायचा. दीड मिनिटाचा. तिला ऐकूही गेलेला नसायचा.

आमचे बेलिफ नाना हे या सगळ्यातले खरे जाणकार. एका बेलिफाकडे कितीतरी गावं. गाडी स्वतःची, पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर ती ढकलत न्यायची. समन्स द्यायला गेलं की घरातली बाई रडायला लागते, कुणी शिव्या देतो, कुणी चहा देतो आणि कागद घेत नाही. नानांनी त्यांचं स्वतःचं पंचांग बसवलं होतं. श्रावणात कानबाई बसते तेव्हा सुरतेचं, नाशिकचं सगळं भाऊबंद गावी येतं. कुळाचा रोट, म्हणजे देवीचा प्रसाद, घरच्यांनीच खायचा असतो, त्याला न येऊन चालत नाही. रविवारी कानबाईची स्थापना, सोमवारी विसर्जन. नाना सोमवारी दुपारनंतर गावात जायचे. 'देवीच्या दारात कागद देत नाही मी,' म्हणायचे, 'विसर्जन होऊ द्यायचं, मंडळी घरी आली की द्यायचा.' कोर्टाच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही. पण सुरतेच्या फेऱ्यांनी जे वर्षभरात झालं नाही ते नानांनी कानबाईच्या एका सोमवारी केलं. मावशीच्या दाव्यातल्या सहा जणांच्या सह्या एका ओट्यावर झाल्या. आता बेलिफांना मोबाईल दिलेत, समन्स कुठे आणि किती वाजता दिलं ते जीपीएससह नोंदवलं जातं, आणि हे फार चांगलं झालं. घरी न जाताच शेरा लिहिला जातो ही जुनी तक्रार त्याने कमी होईल. पण फोन हातात असलेला माणूस तेवढाच आहे. गावं तेवढीच आहेत.

सगळ्यांवर बजावणी झाली आणि कैफियतीसाठी, म्हणजे प्रतिवादींच्या लेखी उत्तरासाठी, तारीख लागली, तेव्हा मावशी खिडकीशी आली. आवाज अगदी सपाट. 'दोन नंबरना भाऊ मरी गया. आते काय?'

भाऊ गेला त्याचं दुःख होतंच तिला. दावा लावला म्हणून भाऊ परका झाला नव्हता. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात असं आहे की मयत पक्षकाराचे वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा रद्द होतो. मग तो रद्द झालेला भाग परत जिवंत करायचा अर्ज, उशीर माफीचा अर्ज, त्या प्रत्येकावर पुन्हा नोटीस. मयत भावाला चार वारस, दोन सुरतेला. समन्स पुन्हा निघालं.

हे लांबतं तेव्हा माणसाचं काय होतं ते प्रलंबित खटल्यांच्या आकड्यात दिसत नाही. दावा दाखल झाल्यापासून मावशीचं माहेर बंद झालं. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, पुरणपोळी-आमरस होतो. म्हाताऱ्या बायासुद्धा त्या चार दिवसांत कुणाच्या तरी लेकी होतात. मावशी एकदा उन्हाळी सुट्टीच्या आधीच्या तारखेला आली होती, मी सहज विचारलं, तर म्हणाली, 'आखाजीले आते कोन बलावस मले?' भावजया वाईट नव्हत्या. दावा चालू आहे, वकील म्हणाले बोलू नका, म्हणून बोलणं बंद. निकाल लवकर लागला असता, कसाही लागला असता, तर वर्षा-दोन वर्षांत राग निवला असता आणि कुणीतरी बोलावणं पाठवलं असतं. लांबलेला खटला ते होऊ देत नाही. दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांना न ओळखता मोठी होतात. मला या नोकरीत सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

पुढचं थोडक्यात सांगते. पुरावा सुरू झाला. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची मूळ साक्ष, आता प्रतिज्ञापत्रावर होतो, त्यात वेळ वाचतो. उलटतपास साहेबांसमोरच होतो आणि तो स्टेनो टाईप करतो. आमची स्टेनो बाळंतपणाच्या रजेवर गेली, बदली मिळाली नाही, दुसऱ्या कोर्टाची स्टेनो आठवड्यातून दोन दिवस यायची. ते दोन दिवस फौजदारीच्या जुन्या प्रकरणांनी भरलेले. स्टेनो नाही तर साक्ष नाही, इतकं ते साधं आहे. मग उन्हाळ्यात साहेबांची बदली झाली. साधारण तीन वर्षांनी ती होतेच, आणि एका गावात फार काळ राहू नये हे तत्त्व मला पटतं. पण नव्या साहेबांना चौदा प्रतिवादींची फाईल पहिल्या पानापासून वाचावी लागते, आणि अर्धवट झालेला युक्तिवाद परत ऐकावा लागतो. शेवटी निकाल मावशीच्या बाजूने लागला. तो वाटा ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा. सरकारी सारा (महसूल) भरल्या जाणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलला, मोजणीला भूमी अभिलेखला. तिथला मोजणीदार किती गावांत एकटा आहे हे मी वेगळं सांगत नाही.

न्यायाधीशांबद्दल लोकांना एक गोष्ट माहीत नसते. संध्याकाळी डायसवरून उतरल्यावर त्यांचं दुसरं काम सुरू होतं. निकाल सांगायचे, तेही बहुधा घरी नेऊन रात्री. महिन्याचं विवरणपत्र जिल्ह्याला पाठवायचं. सुट्टीच्या दिवशी रिमांड. विधी सेवेची शिबिरं. कर्मचाऱ्यांच्या रजा, किरकोळ खरेदी, तपासणी. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे आले. जुने गुन्हे जुन्या कायद्याने, नवे नव्या कायद्याने, दोन्ही एकाच बोर्डावर. निकाली काढलेल्या कामाचं मोजमाप युनिटमध्ये होतं. लढून झालेल्या दाव्याला जास्त, आपसात मिटलेल्याला कमी. मोजमाप हवंच, पण महिनाअखेर आली की सोपी प्रकरणं आधी हातात घ्यावीशी वाटणं हे कुणालाही सुटत नाही, आणि चौदा प्रतिवादींची जाड फाईल खाली सरकते. हायकोर्टाकडून मग जुन्यातली जुनी प्रकरणं वेगळी काढा असे आदेश येतात. ते आल्यावर सहा महिने ती फाईल वर राहते.

आणि खुर्ची मोडली तर? संविधानाच्या कलम २३५ ने खालच्या कोर्टांवर नियंत्रण हायकोर्टाचं. पैसा राज्य सरकारचा. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची. तालुक्याने मागणी करायची ती प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत हायकोर्टाकडे, तिथून विधी व न्याय विभागाकडे, तिथून वित्त विभागाकडे. बेलिफाचं एक पद याच वाटेने जातं आणि याच वाटेने परत येतं. कुणी अडवत नाही, कुणी नाकारतही नाही. प्रत्येक टेबलावर थोडं थांबतं. कोर्ट स्वतंत्र असावं म्हणून ही विभागणी केली आहे आणि स्वातंत्र्य हवंच. पण बेलिफ, स्टेनो आणि अभिलेख कक्षाचा लिपिक इतक्यापुरती पदं भरण्याची मुभा जिल्ह्यालाच असावी, असं मला मनापासून वाटतं.

अभिलेख कक्ष म्हटलं की मला मे महिना आठवतो. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि ती खोली बहुधा पश्चिमेच्या भिंतीला. लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे, प्रत्येक कागद अ, ब, क, ड यादीत. कुठला कायमचा ठेवायचा, कुठला किती वर्षांनी नष्ट करायचा ते ठरलेलं. जुन्या गठ्ठ्यांत 'पूर्व खान्देश' छापलेले कागद निघतात, १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले त्या काळापासूनचे. काही खरेदीखतं मोडीतली. विहिरीचा, वहिवाटीच्या रस्त्याचा वाद कधीकधी अशा एका कागदावर सुटतो, पण मोडी वाचणारा माणूस सापडेपर्यंत तारखा पडत राहतात. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यातला मोठा भाग जुने कागद स्कॅन करण्यासाठी आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. वाळवीला आणि उंदरांना तोंड देत ज्यांनी ते गठ्ठे सांभाळले त्यांच्या कष्टाचं चीज होईल.

संगणकाने आणखी एक केलं. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर २०१५ पासून कुठल्या जिल्ह्यात किती खटले आहेत, किती जुने आहेत, ते कुणालाही दिसतं. पूर्वी ही माहिती आमच्या रजिस्टरांत बंद होती. तिथे उशिराची कारणंही दिसतात, आणि त्यांत सर्वांत वर आहे 'वकील उपलब्ध नाहीत'. लोक ते बघून वकिलांना बोल लावतात. हे कारण भरणारी मी होते, म्हणून सांगते. तालुक्याला दिवाणी कामाचे नावाजलेले वकील मोजके. सकाळी त्यांचं एक प्रकरण कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांकडे, एक वरिष्ठ स्तराच्या, एक तहसीलला. शेजारच्या खोलीत ते उलटतपास घेत उभे असतात आणि इकडे पुकारा होतो. मुदत मागतात ते खरंच तिकडे अडकलेले असतात म्हणून. कायद्याने एका पक्षकाराला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं २००२ पासून म्हटलेलं आहे. ती अट पाळली जावी असं वाटत असेल तर सगळ्या कोर्टांचे बोर्ड एकत्र बसून, वेळा वाटून लावायला हवेत: अमुक प्रकरण अकरा ते बारा, अमुक तीन वाजता. पक्षकारालाही मग दिवसभराची मजुरी बुडवून बाकावर बसावं लागणार नाही. याला नवा कायदा लागत नाही.

नंदुरबारकडे काम केलेल्या माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव याहून कठीण आहे. अक्राणीच्या डोंगरातला साक्षीदार सत्र खटल्यासाठी खाली सपाटीवर येतो, आदल्या दिवशी निघून. त्याची भाषा पावरी. साहेबांची मराठी. दुभाषी हजर नसेल तर साक्ष होत नाही आणि तो भत्ता घेऊन परत डोंगर चढतो. पुढच्या वेळी तो येत नाही आणि त्याच्या नावे वॉरंट निघतं. अपिलात जायचं तर आमच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं हायकोर्ट म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. अक्कलकुव्याच्या माणसाने नंदुरबार, धुळे, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढायचा.

लोकअदालतीवर माझा जीव आहे. तिथल्या आकड्यांत बँकेची आणि बिलाची दाखलपूर्व प्रकरणं मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे निकाली संख्या फुगलेली दिसते, हे खरं. पण तिथे मी चुलतभावांचा सामाईक विहिरीचा दावा मिटताना पाहिला आहे. पॅनेलवरच्या वकीलबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी कायदा बाजूला ठेवला आणि विचारलं, वीज दिवसाची कुठल्या आठवड्यात असते, रात्रीची कुठल्या? एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखून त्यांनी पाण्याची पाळी लावली. दिवसपाळीचा एक आणि रात्रपाळीचा एक असे दोन आठवडे एकाला, पुढचे दोन दुसऱ्याला, म्हणजे रात्रीचं जागरण दोघांच्या वाट्याला सारखं. कागद दोघांनी उलटसुलट करून पाहिला आणि सह्या केल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. तिथे घाई नव्हती, म्हणून ते झालं. बोर्डाच्या चार मिनिटांत ते कधीच झालं नसतं.

निवृत्तीनंतर मी तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून जाते. वाटपाचा दावा लावायला आलेल्याला मी आधी घरी परत पाठवते, वंशावळ काढून आणायला. आजोबांपासून सुरुवात करा. लग्न झालेल्या मुली वगळू नका, आत्याही वगळू नका. कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला आणि त्याच्या सगळ्या वारसांची नावं, लहान मुलं असतील तर वय. सुरतेला असेल त्याचा पत्ता 'उधना' एवढा चालणार नाही; सोसायटी, गल्ली, खोली नंबर, मोबाईल, आणि तो गावी कधी येतो ते. आठ-अचा उतारा, सातबारा, फेरफार. एवढं हातात असलं की नंतरच्या कितीतरी तारखा वाचतात. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबला असाल तर थांबू नका. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही, आणि बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. प्रत्येक तालुका कोर्टाच्या आवारात समितीची खोली असते. तिथे जाऊन नुसतं विचारलं तरी अर्ज भरून देतात.